मदशक्ती कुठे राहते? एमडी नावाच्या पावडरीचा इतिहास

त्वरिता देवीच्या या गावात, तलवाड्यात, तुम्ही आम्हाला बोलावलंत आणि विषय निवडायची मोकळीकही दिलीत. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी संतांवर बोलावं, गीतेवर बोलावं, अशी साधारण अपेक्षा असते. आम्ही आज एका पांढऱ्या पावडरीवर बोलणार आहोत. तिचं शास्त्रीय नाव मेफेड्रोन. बाजारातलं नाव एमडी, किंवा म्याव म्याव. गेल्या दोन-तीन वर्षांत हे नाव वर्तमानपत्रात तुम्ही इतक्यांदा वाचलं आहे की आता ते परकं वाटत नाही. पण वाचलेलं आणि समजलेलं यात अंतर असतं. ते अंतर आज थोडं कमी करू.

सुरुवात चार्वाकांपासून करू. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांचं म्हणणं आपल्याला त्यांच्या प्रतिपक्षाच्या पुस्तकांतून कळतं, उदाहरणार्थ 14व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून. चार्वाकांना लोक विचारायचे, की बाबांनो, पृथ्वी, पाणी, तेज, वायू ही सगळी जड भूतं. त्यांतून चैतन्य कसं निघेल? यावर त्यांनी दिलेला दाखला मद्याचा होता. धान्यात नशा नाही, गुळात नशा नाही, पाण्यात नाही. ते एकत्र आले, आंबले, की एक नवीन शक्ती निर्माण होते, तिला ते मदशक्ती म्हणत. ती एकेका घटकात शोधायला गेलात तर सापडत नाही.

चार्वाकांचा आत्म्याविषयीचा निष्कर्ष तुम्ही माना किंवा मानू नका, तो आजचा विषय नाही. पण त्यांचा प्रश्न आम्ही उसना घेतो. मदशक्ती राहते कुठे? पावडरीत? शरीरात? कायद्याच्या यादीत? की आणखी कुठे? या एका प्रश्नाला धरून गेलो की या पावडरीचं रसायनही कळतं, तिचा इतिहासही कळतो, आणि आपल्या मराठवाड्यापर्यंत ती का पोचली तेही कळतं.

आधी रसायन. घाबरू नका, फळ्यावर काही लिहिणार नाही.

निसर्गात दोन झुडपं आहेत. एक एफेड्रा. चीनमध्ये हजारो वर्षं दम्यावर आणि सर्दीवर वापरतात. आपल्याकडे पारशी बांधव त्यांच्या विधीत जो होम वापरतात तो याच जातीचा. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल ज्या सोमाला वाहिलेलं आहे तो सोमही हाच असावा असं म्हणणारे विद्वान आहेत, आणि नाही म्हणणारेही आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही. दुसरं झुडूप खात. येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागात त्याची कोवळी पानं दुपारभर चघळतात. आपल्याकडे पानाची तबक फिरते तशी तिकडे खातची डहाळी फिरते. हुरूप येतो, गप्पा रंगतात, भूक मरते.

या दोन्ही झुडपांत जे द्रव्य आहे त्यांची ठेवण जवळजवळ एकच. एक कड्यासारखा भाग, सहा कार्बनांचा, आणि त्याला जोडलेली छोटी शेपटी. शेपटीत नायट्रोजनचा एक अणू. आपल्या मेंदूत जी संदेशवाहक द्रव्यं असतात, डोपामीन, नॉरॲड्रेनलीन, त्यांची ठेवणही कडं आणि शेपटी अशीच आहे. म्हणून मेंदू फसतो. चेहरा ओळखीचा दिसला की दार उघडलं जातं, त्यातली गत.

खातमधल्या द्रव्याचं नाव कॅथिनोन. संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळेने ते 1975 साली ओळखून वेगळं केलं. अँफेटामीन नावाचं जे प्रसिद्ध उत्तेजक आहे त्याच्या शेपटीवर ऑक्सिजनचा एक अणू बसवला की कॅथिनोन होतो, इतकं हे नातं जवळचं. आणि कॅथिनोनच्या कड्यावर एक बारीकसा फांदा लावला, नायट्रोजनवर आणखी एक लावला, की होतो मेफेड्रोन. कार्बनचे 11 अणू, हायड्रोजनचे 15, नायट्रोजनचा 1, ऑक्सिजनचा 1. हे चारही मूलद्रव्यं आपल्या ज्वारीच्या भाकरीत आहेत. चार्वाक इथे बरोबर ठरतात. अणूंत विष नाही आणि अमृतही नाही. जे काही आहे ते रचनेत आहे. याच कॅथिनोनच्या घराण्यातलं बुप्रोपिऑन नावाचं औषध आहे, ते डॉक्टर नैराश्यासाठी देतात, सिगारेट सोडवण्यासाठीही देतात. घराणं एक, एक भाऊ दवाखान्यात कामाला, दुसरा फरार.

आता हे शरीरात करतं काय? बीड जिल्ह्यात आहोत, तर पाण्याचंच उदाहरण घेऊ. मेंदूच्या पेशीत डोपामीन, सेरोटोनिन ही द्रव्यं साठवलेली असतात. चांगली बातमी कळली, पोटभर जेवलो, लेकराने पहिलं पाऊल टाकलं, की थोडं थोडं सुटतं. काम झालं की पेशी ते परत आत ओढून घेते, पुन्हा वापरायला. जणू पाझर तलाव आणि त्यावरचा पंप. मेफेड्रोन काय करतो, तर हा पंप उलटा फिरवतो. आत ओढायच्या ऐवजी सगळा साठा बाहेर. रब्बीपर्यंत पुरवायचं पाणी एका रात्रीत नाल्याला सोडून द्यावं तसं. त्या रात्री नाला दुथडी भरून वाहतो, बघणाऱ्याला वाटतं केवढी समृद्धी! दुसऱ्या दिवशी तलावाचा तळ उघडा.

म्हणून या पावडरीचा अंमल थोडा, दोन-तीन तासांचा, आणि उतरण खोल. उतरताना मन इतकं खचतं की माणूस पुन्हा घेतो, पुन्हा घेतो. झोप नाही, जेवण नाही. नाडी धावते, रक्तदाब चढतो, अंग तापतं. काहींना संशयाचं वेड लागतं, कोणी पाठलाग करतंय, भिंतीत कोणी बोलतंय. हृदय थांबून माणसं दगावलेली आहेत. हे घाबरवायला सांगत नाही. यंत्रणा समजली की घरातल्या मुलाचं वागणं समजतं, म्हणून सांगतो. तीन दिवस न झोपलेलं आणि मग दोन दिवस न उठलेलं पोर आळशी झालं नसतं, त्याचा तलाव रिता झालेला असतो.

आता इतिहास. जपानचे नागाई नागायोशी यांनी 1885 साली एफेड्रामधून एफेड्रिन वेगळं केलं. हेतू औषधाचा. 1887 मध्ये रोमेनियाचे लाझार एदेलेआनू यांनी जर्मनीत शिकत असताना अँफेटामीन बनवलं. त्याचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. 1893 मध्ये नागाई यांनीच एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामीन केलं. पुढे 1930च्या दशकात अमेरिकेत बेन्झेड्रिन नावाने अँफेटामीनचं नाकात हुंगायचं औषध आलं, जर्मनीत पेर्व्हिटिन नावाने मेथॅम्फेटामीनच्या गोळ्या आल्या. मग दुसरं महायुद्ध. जर्मन सैनिकांना पेर्व्हिटिन, इंग्रज-अमेरिकन सैनिकांना बेन्झेड्रिन, जपानमध्ये फिलोपॉन. झोप मारायची, भूक मारायची, आणि माणसाला यंत्रासारखं जुंपायचं. युद्ध संपलं, पण लागलेली सवय संपली नाही. जपानला 1951 साली उत्तेजकांविरुद्ध खास कायदा करावा लागला.

हे लक्षात ठेवा. उत्तेजकाचा जन्म मौजेसाठी झालेला नाही. शरीर थांबा म्हणत असताना त्याच्याकडून जास्त काम काढून घेण्यासाठी सत्तेने ते वाटलेलं आहे. मौज नंतर आली.

मेफेड्रोनचा जन्म 1929 चा. साएम द बुर्नागा सांचेझ नावाच्या रसायनज्ञाने ते तयार करून फ्रान्सच्या रसायनशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात नोंद छापली. झालं. त्यानंतर सत्तरेक वर्षं ती नोंद ग्रंथालयाच्या फडताळात पडून. कुणाचं वाईट नाही, कुणाचं भलं नाही. आता सांगा, त्या सत्तर वर्षांत मदशक्ती कुठे होती? कागदावर रचना होती, कृती होती, पण ना कुणी व्यसनी, ना कुणी गुन्हेगार. म्हणजे रेणूची रचना पुरेशी नाही. तिला बाजार लागतो.

तो बाजार इंटरनेटने दिला. 2003 च्या सुमारास टोपणनावाने लिहिणाऱ्या एका रसायनज्ञाने हे द्रव्य पुन्हा करून त्याविषयी इंटरनेटवर लिहिलं. पुढच्या चार-पाच वर्षांत इस्राएलमध्ये ते कॅप्सूलमधून विकलं जाऊ लागलं, मग युरोपात. तिथल्या कायद्यात अँफेटामीनचं नाव होतं, कोकेनचं होतं, याचं नव्हतं. म्हणून दुकानदार उजळ माथ्याने विकत. पाकिटावर लिहिलेलं असे, झाडांचं खत, मनुष्याच्या सेवनासाठी नाही. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, कायद्यालाही ठाऊक. पण अक्षर तसं होतं. अशा द्रव्यांना डिझायनर ड्रग म्हणतात, म्हणजे कायद्याच्या मापाला चुकवून शिवलेलं कापड. जिथे बंदी, तिथे एक अणू हलवायचा.

स्वीडनने 2008 च्या डिसेंबरात बंदी घातली. ब्रिटनने 16 एप्रिल 2010 ला. ब्रिटनच्या बंदीची गोष्ट आम्ही तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी अशी आहे. मार्च 2010 मध्ये स्कनथॉर्प गावात दोन तरुण मुलं एकाच रात्री मरण पावली. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले, मेफेड्रोनचे बळी. देश पेटला, सरकारने घाईने बंदी आणली. मे महिन्यात रक्ततपासणीचा निकाल बाहेर आला, तर त्या मुलांच्या अंगात मेफेड्रोन नव्हताच. दुसरंच द्रव्य होतं. आपल्या न्यायशास्त्रात याला काकतालीय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

आता कुणी म्हणेल, मग बंदी चुकीची होती का? तसं नाही. पावडर घातक आहेच, हे पुढे पुरेसं सिद्ध झालं. पण योग्य निर्णय चुकीच्या कारणाने घेतला की त्याचा एक तोटा होतो. तरुण मंडळी म्हणतात, बघा, मोठी माणसं खोटं बोलली. मग पुढचं खरंही ते मानत नाहीत. मुलांशी नशेबद्दल बोलताना तिळाचा ताड करू नये, त्याचं कारण हे आहे.

चीनने सप्टेंबर 2010 मध्ये नियंत्रण आणलं, अमेरिकेने 2011 मध्ये. आपल्या देशात एनडीपीएस कायदा 1985 चा. त्याच्या यादीत मेफेड्रोनचं नाव फेब्रुवारी 2015 मध्ये आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांनीही ते आंतरराष्ट्रीय यादीत घातलं. म्हणजे 2015 च्या जानेवारीत मुंबईत कुणाच्या खिशात ही पुडी सापडली असती तर हा कायदा त्याला लावता येत नव्हता, आणि फेब्रुवारी सरता सरता तीच पुडी वीस वर्षांच्या शिक्षेपर्यंत नेणारी झाली. पावडरीचा एक अणूही बदलला नव्हता. बदललं होतं ते नाव, यादीतलं.

इथे आमच्या विषयातला एक जुना वाद येतो. गोष्टीचं सार तिच्या नावात आहे, की तिच्या गुणात? कायदा बहुतेक वेळा नावाने चालतो. हे तुम्हाला गुटख्यावरून चटकन कळेल. महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मग बाजाराने काय केलं? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही घ्या, तळहातावर एकत्र करा. गुटखा कारखान्यात बनत होता तो आता गिऱ्हाइकाच्या हातावर बनू लागला. एकीत गुटखा नाही, दुसरीत गुटखा नाही. चार्वाकांची मदशक्ती म्हणतात ती हीच!

मग यावर उपाय म्हणून काही देशांनी गुणावर कायदा केला. अमेरिकेने 1986 मध्येच ठरवलं की बंदी असलेल्या द्रव्यासारखी रचना आणि तसाच परिणाम असेल, आणि ते माणसाने घेण्यासाठी असेल, तर ते बंदीतच धरायचं. ब्रिटनने 2016 मध्ये त्याहून पुढे जाऊन मेंदूवर परिणाम करणाऱ्या झाडून सगळ्या नव्या द्रव्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि मग चहा, दारू, तंबाखू, औषधं यांना अपवाद लिहीत बसावं लागलं. नावाने गेलं तर चोर निसटतो. गुणाने गेलं तर साव सापडतो. भारत मुख्यत्वे यादीने चालतो. यादीचा फायदा असा की नागरिकाला आधी कळतं काय गुन्हा आहे. तोटा असा की रसायनज्ञ यादीच्या एक पाऊल पुढे असतो. यात पूर्ण समाधानकारक तोडगा अजून कुणाला सापडलेला नाही.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातच हे का? नशिबाने नाही. कारण आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. 1951 साली हैदराबादेत इंद्रकिशोर काकर आणि सय्यद हुसेन जहीर या दोन शास्त्रज्ञांनी हिवतापावर औषध शोधताना मेथाक्वालोन नावाचं द्रव्य तयार केलं. त्याच हैदराबाद संस्थानात तीन वर्षांपूर्वीपर्यंत आपला बीड जिल्हा होता. जहीर पुढे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले, मोठा माणूस. ते द्रव्य हिवतापावर चाललं नाही, झोपेचं औषध म्हणून जगभर गेलं, मँड्रॅक्स नावाने, आणि मग नशा म्हणून बदनाम होऊन बंद झालं. ते मेफेड्रोनच्या उलट टोकाचं, गुंगी आणणारं. पण वाट तीच: प्रयोगशाळा, औषध, बाजार, चोरबाजार. लोकांचा ताप उतरावा म्हणून केलेल्या कामातून हे निघालं. यात शास्त्रज्ञांचा दोष काय?

1970 च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढली, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवली. त्यामुळे आपले रसायनज्ञ एकच रेणू वेगवेगळ्या वाटांनी, स्वस्तात बनवण्यात पटाईत झाले. त्याचं फळ फार मोठं आहे. एड्सची औषधं वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होती तेव्हा 2001 साली भारतीय कंपनी सिप्लाने ती वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. आफ्रिकेत लाखो माणसं त्यामुळे जगली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांत पसरल्या, तिथे रिॲक्टर आले, ड्रायर आले, बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली आपली पोरं पाळीत कामाला लागली. हे ज्ञान मराठी मातीत रुजलं, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण कौशल्याला नीती चिकटून येत नाही. ती वेगळी लावावी लागते. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी वसाहतीतल्या एका कारखान्यातून हजारो किलो एफेड्रिन पकडलं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना उघडकीला आणला. माल सुमारे 300 कोटींचा सांगितला गेला. त्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेने छत्रपती संभाजीनगर आणि पैठणला छापे घातले. कोकेन, मेफेड्रोन, केटामिन, किंमत 250 कोटींच्या वर. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या वसाहतीपासून दिल्ली, सांगलीपर्यंत धागा पकडला. दीड हजार किलोहून जास्त मेफेड्रोन, किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यात तामलवाडीजवळ पुड्या सापडल्या, त्यातून तुळजापूरचं प्रकरण उभं राहिलं, आरोपींची संख्या तीसच्या पुढे गेली. या खटल्यांचा न्याय न्यायालय करील, आपण इथे कुणाला दोषी ठरवायला बसलेलो नाही.

पण नकाशा बघा. पैठण! जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी ज्या गावाहून आपल्या गेवराई तालुक्यात येतं ते पैठण. नाथांचं पैठण. आणि तुळजापूर म्हणजे उभ्या महाराष्ट्राचं कुलदैवत. दहा वर्षांपूर्वी आपण म्हणायचो की ही मुंबईच्या पबमधली श्रीमंतांची थेरं आहेत. आता कारखाना नदीच्या वरच्या अंगाला आणि गिऱ्हाईक देवीच्या दारात. मधे आपण आहोत.

आता जे खरोखर पणाला लागलं आहे त्याबद्दल. दोन मुलं डोळ्यांपुढे आणा. ही खरी नावाची नाहीत, पण अशी शेकड्यांनी आहेत.

पहिला, बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला. आईबापांनी कोयत्यावर शिकवलं, म्हणजे दसऱ्यानंतर कारखान्याला जाऊन ऊस तोडून. पोराला वसाहतीत पंधरा हजारांची नोकरी. त्याला कुणी तरी म्हणतं, तेच काम आहे, फक्त रात्री करायचं, महिन्याला लाख देतो. त्याला वाटतं, आपण काही कुणाला पाजत नाही, आपण फक्त रिॲक्टर चालवतो. इथे त्याला चार्वाकांचं अर्धच उदाहरण कळलेलं असतं. घटकात नशा नाही, म्हणून घटक निर्दोष, असं तो म्हणतो. अहो, पण ही मदशक्ती एकत्र येण्यातच असते ना! मग जो एकत्र आणतो त्याचा हिशोब कसा चुकेल? कच्चा माल पुरवणारा म्हणतो मी रसायन विकलं, जागामालक म्हणतो मी गाळा भाड्याने दिला, गाडीवाला म्हणतो मी ड्रम वाहिले, केमिस्ट म्हणतो मी नोकरी केली. प्रत्येकाच्या हातात निर्दोष तुकडा, आणि तुकडे जोडले की विष. जबाबदारीचं हे असं वाटप आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक रसायनक्रिया आहे.

दुसरा मुलगा घेणारा. त्याच्यासाठी कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण हे घराघरात माहीत हवं. मेफेड्रोनची अल्प मात्रा 2 ग्रॅम. तिच्यापर्यंत सापडलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा. व्यापारी मात्रा 50 ग्रॅम. तिथे किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त 20, आणि जामीन मिळणं महाकठीण. मधल्या वजनाला 10 वर्षांपर्यंत. आणि वजन कसं धरायचं? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलं की मिसळलेल्या भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. म्हणजे पुडीत पाच ग्रॅम नशा आणि पंचेचाळीस ग्रॅम दुसरीच भुकटी असली तरी 50 ग्रॅमच. मित्रासाठी एक पाकीट पोचवून देतो म्हणणाऱ्या पोराला हे ठाऊक नसतं. चहा घ्यायला गेलं आणि तारुण्य घालवून आलं, असं होतं.

पण त्याच कायद्यात एक दारही आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. कलम 64-अ. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. कायदा बनवणाऱ्यांनाही विकणारा आणि बुडणारा यांतला फरक कळत होता. आपल्या राज्यघटनेचं 47वं कलम तर आरोग्याला घातक अशा मादक द्रव्यांच्या बंदीची गोष्ट लोकांचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य यांच्याच वाक्यापाठोपाठ करतं. तिथे हा विषय आरोग्याचा म्हणून आलेला आहे.

आणि आपण काय करतो? आपण लपवतो. अब्रू जाईल, सोयरीक मोडेल, बहिणीचं लग्न राहील. मग पोराला मामाकडे पाठवा, अंगारा लावा, कोंडून ठेवा, लग्न करून टाका म्हणजे सुधरेल. लग्नाने व्यसन सुटत नाही, आणखी एक आयुष्य त्यात ओढलं जातं. पुण्यात 1980 च्या दशकात ब्राऊन शुगरने घरं उद्ध्वस्त व्हायला लागली तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने. तिथून महाराष्ट्राला पहिल्यांदा समजलं की व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, त्याला वॉर्ड लागतो, गट लागतो, काम लागतं, आणि घरच्यांनाही शिकवावं लागतं. आज केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे, व्यसनमुक्तीचा सल्ला देते. विक्रीची माहिती द्यायची तर 1933. हे दोन आकडे जाताना लिहून घ्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मग मदशक्ती राहते कुठे? आमचं उत्तर असं. ती एकट्या रेणूत नाही, नाहीतर 1929 पासून सत्तर वर्षं ती गप्प बसली नसती. ती नुसत्या कायद्याच्या नावात नाही, नाहीतर यादीत घातल्यावर 2015 लाच प्रश्न संपला असता. ती नुसत्या मेंदूत नाही, मेंदू तर सगळ्यांना सारखाच आहे. रिकामा वेळ, रिकामा खिसा, झटपट पैशाची भूल, हातातलं कौशल्य आणि त्याला न मिळणारं मोल, घरातली न बोलण्याची सवय, आणि मग ती पावडर. हे सगळं एकत्र आलं की आंबतं.

यातली एक आशा म्हणजे, जे एकत्र येऊन बनतं ते कुठलाही एक घटक काढला तरी अडतं. रसायन आपल्या हातात नाही, सीमेवरची तस्करी आपल्या हातात नाही, चिंचोळीचा रिॲक्टर आपल्या हातात नाही. न बोलण्याची सवय मात्र आपल्या हातात आहे. पोरगं रात्ररात्र जागं असलं तर त्याच्याजवळ बसून विचारणं, डॉक्टरकडे नेणं, शेजाऱ्याच्या घरात असं घडलं तर पारावर चघळण्याऐवजी त्याला गाडी करून देणं, हे तलवाड्यात आजपासून होऊ शकतं. याला ना अनुदान लागतं ना ठराव.

सोमाच्या शोधापासून माणूस एका गोष्टीच्या मागे आहे, थकलेल्या जिवाला उभारी कशी द्यायची. ती गरज खोटी नाही, तिला हिणवू नका. बीडच्या माणसाइतकं थकणं कुणाला ठाऊक आहे? पण उभारी साठ्यातून उधळायची नसते, झऱ्यातून यावी लागते. झरा म्हणजे झोप, काम, सोबत, आणि आपलं कुणी ऐकतंय ही खात्री.

आम्ही इथे थांबतो. आता तुम्ही विचारा. मागे उभी असलेली तरुण मंडळी आधी विचारू देत. त्यांचा प्रश्न कितीही अवघड असला तरी कुणी त्यांना दटावू नका.